समुद्र कोणी सोडला?

खोली भाड्याने मागायला गेले तेव्हा गुरुजींनी मला जात विचारली नाही, लग्नाचं विचारलं नाही, मच्छी खाता का तेही विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "तुमच्या गावच्या तलावाचं पाणी उतरलं, तर तुमी पयला शक कोणावर घेता?"

मी वाशीमकडची. आमच्याकडे पाणी विहिरीत असतं, नाहीतर टँकरमध्ये. तलाव म्हणजे काय चीज आहे ते मला लाखनी तालुक्यात कृषी सहाय्यक म्हणून आल्यावरच कळलं. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "खालच्या गावावर." गुरुजींचा चेहरा एकदम खुलला. आत वळून ते बायकोला, म्हणजे काकूंना, म्हणाले, "हिले खोली देऊन टाक वं. पोरगी समजदार हाय." पुढे बदली होईपर्यंत मी त्यांच्याच घरी राहिले.

गुरुजी म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले मास्तर, आणि गावच्या तलावाच्या पाणीवाटप समितीचे अध्यक्ष. शाळेतून ते निवृत्त झाले, अध्यक्षपदातून होण्याचा त्यांचा विचार नव्हता आणि गावाचीही तशी इच्छा नव्हती, कारण पाण्याच्या बाबतीत हा माणूस सख्ख्या भावाचंही ऐकत नसे. तलावाच्या पाळीला, म्हणजे बांधाला, पाणी सोडायचं एक दार असतं, त्याला इकडे तुडूम म्हणतात. तुडूम उघडलं की पाणी पाटातून वाहत एकेका शेतात शिरतं. वरच्यांना आधी मिळतं, टोकावरच्यांना शेवटी. टोकावर सुगंधाबाईचं शेत होतं. ती विधवा बाई तिथे एकटीच धान पिकवायची, आणि तिच्यापर्यंत पाणी पोचेपर्यंत तिच्या तोंडचं पाणी पळालेलं असायचं.

गुरुजींचं एक ठरलेलं वाक्य होतं : "पाणी आपोआप कदीच जात नाही." तलावाची पातळी बोटभर जरी जास्त उतरलेली दिसली, तरी ते धोतराचा काचा मारून पाळीवर फिरायला निघत. आणि काहीतरी सापडायचंच. कधी कोणी धानाच्या तणसाखाली लपवलेला पाइप, कधी पाटाला पाडलेलं भगदाड. पकडलेला माणूस म्हणे, "गुरुजी, खेकड्यानं केलं जी." त्यावर गुरुजी त्याला खेकडा दाखव म्हणत आणि तो दाखवेपर्यंत त्याच्या घरच्या ओट्यावर बसून राहत. चहा आला तर पीत, पण उठत नसत.

अशा माणसाला समुद्र उतरल्याची बातमी कळायलाच नको होती. पण ती कळली.

मी येण्याच्या आधी कधीतरी दगड तपासणारे दोन साहेब त्यांच्याकडे मुक्कामाला होते. गावाबाहेर एक टेकडी आहे, तिचा एक कडा उघडा पडलेला आहे. साहेबांनी गुरुजींना तिथे नेऊन दाखवलं. सगळ्यात खाली काळ्या बारीक चिखलाचा दगड, म्हणजे इथे एके काळी खोल समुद्र होता. त्याच्यावर वाळूचा दगड, आणि त्या दगडावर लहरी उमटलेल्या, म्हणजे पाणी उथळ झालं. सगळ्यात वर भेगाळलेल्या चिखलाचा दगड, म्हणजे पाणी गेलं आणि तळ उन्हात पडला. "समुद्राची पातळी खाली गेली, त्याची ही नोंद आहे," साहेब म्हणाले.

गुरुजींनी विचारलं, "कोणं सोडलं?"

साहेब हसले. म्हणाले, कोणी नाही हो गुरुजी, पृथ्वीवर बर्फ वाढला असेल, नाहीतर जमीनच वर उचलली गेली असेल. गुरुजींनी ते ऐकून घेतलं. पण मला सांगताना म्हणाले, "मॅडमबाई, खेकड्यानं केलं, उंदरानं केलं, आता म्हणे बर्फानं केलं. पाणी चोरणारा हेच सांगते." मी म्हटलं, अहो, पण याला कोट्यवधी वर्षं झाली. ते शांतपणे म्हणाले, "मंजे चौकशी लांबली, एवढंच."

ते दगड चाटून बघत. पाहुणा आला की चहाच्या बशीबरोबर टेकडीवरचा एक खडा पुढे येई. "चाटा. काही लागते का?" काही लागत नसे. "अळणी!" गुरुजी मांडीवर थाप मारत. "पाणी तर नेलंच, मीठबी नाही ठेवलं. पक्का चोर होता." मीही चाटला आहे तो खडा. पहिल्या दिवशी भाडेकरू म्हणून, नंतर सवयीने. काकू स्वयंपाकघरातून ओरडत, "धुवून तं देत जा लोकायले!"

काकूंचं या समुद्राशी जुनं वैर होतं, आणि त्याला कारण होतं. निवृत्तीनंतर मास्तर मंडळींची एक सहल कोकणात गेली होती. काकू मला सांगत, "आमी सारे पोहे खाऊन राहिलो, आन् हे समुद्र पाहून राहिले. पाहता पाहता पाणी मांगं सरकाले लागलं. झालं! हे उठले, धोतर वर केलं, आन् पळाले तिकडे. एका मच्छीवाल्याले धरलं, म्हणे, दार कुठी हाय?" मच्छीवाल्याने समजावलं की ओहोटी आहे, संध्याकाळी पाणी परत येईल. गुरुजी वाळूत बसले. पाणी आल्याशिवाय उठणार नाही म्हणाले. बस गेली. काकू बसमध्ये आणि हे वाळूत. दुसऱ्या दिवशी एकटे परत आले ते तोंडभर हसत. "येते वं," काकूंना म्हणाले, "टाइम लागते, पण येते. आपलाबी येईन."

त्यानंतर त्यांनी घराचं जोतं हातभर वाढवून घेतलं. मला खोलीत जायला पायऱ्या चढाव्या लागत, त्याचं कारण हे.

आता कोणी म्हणेल की गाव त्यांना हसत असेल. मीही तसंच समजत होते. पण गुरुजींनी समितीच्या बैठकीत "समुद्राचे पाणी कोणी सोडले" हा विषय घेतला, तेव्हा मी सरकारी माणूस म्हणून हजर होते आणि सांगते, कोणीच हसलं नाही. तलावाच्या मुलखात पाणी कमी होणं ही हसण्यावारी नेण्याची गोष्टच नाही. संशय अर्थातच आधी खालच्या गावावर गेला. "ते लोक पयलेपासूनच तसे हायेत," असं एक म्हातारा म्हणाला. दुसऱ्याचं म्हणणं पडलं की त्या काळात समितीच नसेल, मग दुसरं काय होणार. मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष उभे राहिले आणि त्यांनी विचारलं की समुद्र परत आला तर मासेमारीचा ठेका सोसायटीलाच मिळेल ना, का बाहेरच्याला देणार? यावर बरीच गरमागरमी झाली. झिंग्यांचा हक्क वेगळा धरावा का, हा उपप्रश्न निघाला.

मग मागून सुगंधाबाई बोलली. "गुरुजी, समुद्र वापस आला तं पाणी पयले वरच्याइलेच भेटन का? टोकावर मले कदी येईन?"

"समुद्राले टोक नसते बाई."

"असं कसं? वाटप आलं का टोक आलंच."

गुरुजींनी विषय पुढच्या बैठकीवर ढकलला. शेवटी अज्ञात इसमांचा निषेध करून सभा संपली आणि सगळ्यांनी चिवडा खाल्ला.

एका उन्हाळ्यात मात्र गोष्ट गळ्याशी आली. तलाव आटलेला होता, आणि पाळीचा आतल्या बाजूचा उतार तुडुमाजवळ खचला होता. पावसाळ्याआधी तिथे दगड बसवला नाही तर भरल्या तलावाची पाळ फुटणार, आणि त्या वर्षीचं धान आडवं होणार, हे लहान पोरालाही दिसत होतं. बाहेरून दगडाची गाडी येणार, येणार म्हणता म्हणता जेठ महिना अर्धा संपला. चपटा, बसवण्याजोगा दगड जवळपास एकाच ठिकाणी होता. गुरुजींच्या टेकडीवर.

गुरुजी छत्री आणि भाकरीचं फडकं घेऊन टेकडीवर जाऊन बसले. "हा पुरावा हाय," ते म्हणाले. "पुरावा कोणी पाळीत घालते का?"

समितीची बैठक टेकडीखालीच झाली. तिच्याइतकी विचित्र बैठक मी माझ्या नोकरीत दुसरी पाहिली नाही. अध्यक्ष गुरुजीच आणि अडवणारेही गुरुजीच. ते खुर्चीवर बसले आणि त्यांनी समोरच्या रिकाम्या सतरंजीकडे बघून कडक शब्दांत समज दिली : गावाच्या कामात आडवं येऊ नये. मग उठले, सतरंजीवर जाऊन मांडी घातली आणि हात जोडून मुदत मागितली. परत खुर्चीवर आले आणि मुदत नामंजूर केली. पुन्हा सतरंजीवर गेले. आम्ही सगळे उन्हात उभे राहून एकदा इकडे, एकदा तिकडे बघत होतो. शेवटी खुर्चीवरचे गुरुजी जिंकले, कारण त्यांच्या हातात तलाव होता. पण सतरंजीवरच्या गुरुजींनी एक अट घालून घेतली. दगड टेकडीवर ज्या क्रमाने आहेत, त्याच क्रमाने पाळीवर बसवायचे.

आठवडाभर गाव दगड वाहत होतं. गुरुजी पाळीवर उभे. "काळा आधी! काळा खाली! अबे, लहरीवाला तिकडे कायले नेऊन राहिला? समुद्र उलटा होईन नं!" लोक शिव्या देत होते आणि क्रम पाळत होते. खाली काळा, मध्ये लहरींचा, वर भेगांचा. उताराला दगड बसला. छान बसला. काम संपल्यावर गुरुजींनी उघड्या बोडक्या टेकडीकडे पाहिलं आणि घरी येऊन न जेवता झोपले. त्या दिवशी मला त्यांची फार दया आली. काकूही त्यांना काही टोचून बोलल्या नाहीत.

आणि मग तलाव भरला. पाऊस त्या वर्षी सुरुवातीला चांगला झाला. काळा दगड बुडाला, पोळ्याच्या आसपास लहरींचा बुडाला, आणि पुढे भेगांच्या दगडालाही पाणी लागलं. एका सकाळी गुरुजी मला हाताला धरून पाळीवर घेऊन गेले. वारा होता. पाण्याच्या बारीक लाटा येत होत्या आणि खाली दगडावरच्या लहरींवरून सरकत होत्या. "भिजले बापा," गुरुजी म्हणाले. "मॅडमबाई, लय दिवसानं भिजले." त्यांचे डोळेही भिजलेले होते. मी इकडे तिकडे पाहिलं, कारण माझेही भिजायला लागले होते, आणि कृषी सहाय्यकाने दगड पाहून रडणं बरं दिसत नाही.

माणूसच बदलला. पाण्याच्या चोराला घरी बोलावून चहा पाजू लागले. खडे चाटणं थांबलं. रोज सकाळी पाळीवर जाऊन बसत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, समुद्र आला. गावालाही बरं वाटत होतं. नवरात्रापर्यंत.

नवरात्रात पाऊस गेला तो गेलाच. धानाचा तो नाजूक वेळ असतो, लोंब पोटात असते. हलकं धान लावलेल्यांचं तेवढं बिघडत नाही, ते लवकर येतं आणि थोड्या पाण्यावर भागवतं. भारी धान शेवटपर्यंत पाणी मागतं. गावात बहुतेकांचं भारी होतं, सुगंधाबाईचं सगळंच्या सगळं भारी. तुडूम उघडायची वेळ आली होती. लोक गुरुजींच्या ओट्यावर येऊन बसले.

गुरुजी म्हणाले, "येईन पाणी. आभाळ येऊन राहिलं." आभाळ कुठेच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी म्हणाले, तुडुमाच्या चाकाला आधी तेल घालायचं आहे. तिसऱ्या दिवशी म्हणाले, आज दिवस चांगला नाही. तुडुमाच्या चाकाचा दांडा त्यांनी काढून घरी आणला होता आणि तो उशाखाली घेऊन झोपत होते. काकूंनी मला हळूच सांगितलं, "लोखंड हाय ते. मान अखडली त्याइची, पण दांडा सोडून नाही राहिले."

मी शेतं फिरून आले होते. टोकाकडच्या बांध्यांना, म्हणजे धानाच्या त्या आखलेल्या तुकड्यांना, भेगा पडायला लागल्या होत्या. मी चिडून बोलले. म्हटलं, "गुरुजी, धान पोचट होईल. दाणा भरणार नाही. गावाच्या तोंडचा घास जाईल आणि तुम्ही दगड भिजवत बसलाय?"

ते म्हणाले, "मॅडमबाई, ज्यानं समुद्र सोडला, त्याले मी जिंदगीभर शोधून राहिलो. चोर म्हणून राहिलो. आता मीच सोडू का?"

मला राग आला होता. पण माणूस अगदी खरं बोलत होता. आपल्या हाताने ते चाक फिरवलं की लहरी पुन्हा उघड्या पडणार, आणि या वेळी गुन्हेगार कोण ते त्यांना पक्कं ठाऊक असणार होतं. मी खोलीत जाऊन बसले.

लोक आता वैतागले होते. दांडा हिसकावून घ्यायची भाषा सुरू झाली. तशात दुपारी आम्ही पाचसहा जण पाळीवर असताना सुगंधाबाई आली. डोक्यावर घमेलं होतं. गुरुजी नेहमीच्या जागी बसले होते, दांडा मांडीवर. तिने घमेलं त्यांच्यासमोर उतरवलं. त्यात तिच्या बांधीतल्या मातीचं ढेकूळ होतं, वाळून भेगाळलेलं.

"हे काय आणलं बाई?"

"पुरावा," ती म्हणाली. "माह्या बांधीतलाबी समुद्र गेला जी. लावा तुमच्या भेगाच्या दगडापाशी. जागा हाय अजून."

गुरुजींनी ढेकूळ हातात घेतलं. उलटसुलट करून बघितलं. पाण्यातल्या वरच्या दगडाकडे बघितलं. भेगा अगदी तशाच होत्या.

"मी नाही सोडू शकत बाई," ते म्हणाले. त्यांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. "मीबी त्याच्यावाणीच चोर होऊन जाईन."

सुगंधाबाईने कपाळावरचा घाम पुसला आणि त्यांच्यापासून थोडी दूर दगडावर टेकली. "तुमी त्याले चोर काहून म्हणता, मले हे समजत नाही. तुमी पाह्यलं का त्याले?"

"नाही."

"मग? खाली कोणाचे तरी धान सुकून राहिले असतील. कोणी बाई त्याच्याकडे असंच घमेलं घेऊन आली असन. त्यानं दार उघडलं असन बिचाऱ्यानं. तुमी लागले त्याले शिव्या द्याले."

गुरुजी ढेकळाकडे बघत राहिले. मग त्यांनी ते अलगद घमेल्यात ठेवलं, दांडा खांद्यावर घेतला आणि तुडुमाकडे चालू लागले. चाकात दांडा घातला. तो फिरेना, तेव्हा दोघे मदतीला धावले. गुरुजींनी त्यांना हाताने मागे सारलं. एकट्याने फिरवलं. पाणी पाटात पडल्याचा आवाज आला.

नेहमी गुरुजी तुडूम उघडलं की पातळीवर डोळा ठेवून तिथेच बसत. त्या दिवशी त्यांनी तलावाकडे पाठ केली आणि पाटाच्या काठाने पाण्याबरोबर चालू लागले. वरचे लोक आपल्या बांध्यांची तोंडं उघडायला धावले, तर ते म्हणाले, "आज टोकापासून." असं त्या गावात कधी झालं नव्हतं. वरचे लोक एकमेकांकडे बघत राहिले. मी आणि सुगंधाबाई त्यांच्या मागून चाललो होतो. पाणी थांबे, पालापाचोळा ढकले, पुन्हा निघे. गुरुजीही तसेच थांबत, तसेच निघत. दिवस कलता कलता पाणी टोकाला पोचलं.

सुगंधाबाईने पदर खोचला, फावड्याने बांधीचं तोंड फोडलं, आणि पाणी आत शिरलं. भेगांमधून बुडबुडे यायला लागले. सुकलेली माती बराच वेळ नुसती पीत होती. गुरुजी शेताच्या धुऱ्यावर उकिडवे बसून ते बघत होते. इतकी वर्षं वाटप केलं, पण या टोकाला पाणी येताना त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं असावं. त्यांच्या चेहऱ्यावर पुन्हा तो चौकशीचा भाव यायला लागला होता, आणि मला एकदम हायसं वाटलं.

"बाई," ते म्हणाले, "मंग ते खालचे धान, हलके असतील का भारी?"

सुगंधाबाईने वरही पाहिलं नाही. ती फावड्याने चिखल ओढत होती.

"भारीच असतील जी," ती म्हणाली. "हलके असते तं एवढा समुद्र कायले लागला असता?"